लोणारचा साधा उतारा

प्रवासाहून परत आलेला मनुष्य काय काय पाहिलें तें हौसेनें सांगतो. रात्र कोठें काढली, अंथरूण कसें होतें, सकाळीं स्नानाला पाणी मिळालें कीं नाहीं, हें मात्र त्याला विचारावें लागतें. पाहण्याचें स्थळ महत्त्वाचें, राहण्याची जागा केवळ सोयीची, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. बऱ्याच ठिकाणीं ती खरीहि असेल. परंतु वऱ्हाडांत एक गांव असें आहे कीं, तेथें पाहुणा कोठें उतरतो व कसा राहतो यावर, तो जें पाहावयास आला त्याचेंच बरेंवाईट कांहीं अंशीं अवलंबून असतें. तें गांव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार. तेथील साध्या, अल्प खर्चाच्या उताऱ्याविषयीं आज मला आपल्याशीं बोलावयाचें आहे.

लोणारला आगगाडी जात नाहीं. रेल्वेनें येणाऱ्यास जालना हें सोयीचें स्टेशन असून तेथून सडकेनें सुमारें ९० किलोमीटरांचा प्रवास करावा लागतो. छत्रपति संभाजीनगराहून हें अंतर सुमारें १५० किलोमीटर पडतें, तर मेहकराहून केवळ २५ किलोमीटरांच्या आसपास. ११ डिसेंबर २०२२ रोजीं समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग वाहतुकीस खुला झाला आणि तो मेहकरजवळून जात असल्यामुळें लोणारची आडवाट बरीच सरळ झाली. याचा एक परिणाम असा झाला कीं, मोटारीनें यावें, विवराच्या कांठावर उभें राहून खालच्या हिरवट पाण्याकडे पाहावें, मोबाईलवर चार छायाचित्रें काढावीं, आणि तासाभरांत पुढच्या मुक्कामास निघावें, हें आतां फारच सोपें झालें आहे. मग तेथें रात्र काढावी तरी कशासाठीं? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तर आधीं दिलें पाहिजे.

लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आहे. कांठापासून तळापर्यंतची खोली सुमारें १५० मीटर, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजल्यांची इमारत उभी करून ठेवली तरी ती आंत बुडावी एवढी. १८२३ सालीं जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यानें या स्थळाची नोंद केली. त्यानंतर पुष्कळ काळ हें एखाद्या विझलेल्या ज्वालामुखीचें मुख असावें असें मानलें जाई. १९७३ सालीं फ्रेडरिकसन प्रभृति शास्त्रज्ञांनीं येथील खडकांत प्रचंड आघातावांचून होऊं न शकणारी कांच दाखवून दिली, आणि हा उल्कापाताचा खड्डा आहे ही गोष्ट सर्वमान्य झाली. तो पडला केव्हां याविषयीं मतें बदललीं आहेत: एका पद्धतीनें त्याचें वय सुमारें ५२,००० वर्षें निघालें होतें, तर २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या अभ्यासांत तें सुमारें ५,७०,००० वर्षें आलें. काळ्या बेसाल्ट खडकांत पडलेलीं अशीं विवरें पृथ्वीवर अगदीं विरळा आहेत, आणि चंद्रावरील व मंगळावरील खडक बऱ्याच अंशीं त्याच जातीचा असल्यामुळें त्या ग्रहगोलांचे अभ्यासक लोणारला येतात.

हें सर्व कांठावरून दिसतें खरें, पण तासाभरांत समजत नाहीं. त्यासाठीं खालीं उतरावें लागतें. वाट दगडांची, चढ परततांना छातीवर येणारा, आणि ऊन वर आल्यावर त्या खोलगटांत वारा लागत नाहीं. म्हणून उतरण्याची खरी वेळ पहांटेनंतरची. दुपारीं येऊन दुपारींच जाणाऱ्याला ही वेळ सांपडणें शक्य नाहीं. मुक्काम करणाऱ्यानें मात्र पहिल्या संध्याकाळीं गांवांतील दैत्यसूदनाचें देऊळ सावकाश पाहावें, मावळतीचा प्रकाश कांठावरून पाहावा, आणि दुसऱ्या दिवशीं लवकर खालीं जाऊन कमळजादेवीच्या देवळापर्यंत व तेथील पडझड झालेल्या प्राचीन देवळांपर्यंत पाण्याची पातळी पाहून व वनखात्याच्या माणसांस विचारून फिरावें. मोरांचा आवाज व वानरांचे कळप ही त्या वेळची कमाई. लोणारला एक रात्र राहणें ही चैन नसून तें स्थळ नीट पाहण्याची अटच आहे असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां उताऱ्याकडे वळूं. लोणार हें जुनें तीर्थ आहे. पुराणांत त्याची कथा येते आणि अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींतहि त्याचा उल्लेख आहे. तेव्हां परगांवचा मनुष्य तेथें रात्रीपुरता उतरतो ही गोष्ट आजकालची नव्हे. पूर्वीं यात्रेकरू देवळाच्या ओवरींत, धर्मशाळेंत किंवा ओळखीच्या घरीं पडवींत पथारी टाकीत. धर्मशाळा म्हणजे छप्पर, ओटा, जवळ पाणी आणि चूल मांडण्यापुरती जागा. शिधा व अंथरूण ज्याचें त्यानें आणावयाचें. पुढें इंग्रजी अमदानींत अधिकाऱ्यांसाठीं बंगले व विश्रामगृहें आलीं. आज लोणारला उतरणाऱ्यापुढें मुख्यतः दोन मार्ग असतात. एक, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें विवराजवळचें निवासस्थान. आणि दुसरा, गांवांतील लहान खासगी लॉज. बडीं हॉटेलें येथें शोधूं नयेत.

साध्या लॉजची खोली म्हणजे काय असतें हें शहरांतील गृहस्थांस ठाऊक असतें, तरीहि तेथें गेल्यावर त्यांची कुरकूर सुरू होते. म्हणून अपेक्षा आधींच ठरवाव्या. दोन खाटा, गादी, चादर, पंखा, एक खिडकी, लागून मोरी व संडास, एवढें मिळालें म्हणजे खोली पुरी झाली. ऊन पाणी बहुधा सकाळींच आणि बादलीनें मिळतें. वीज जाण्याचा संभव गृहीत धरून विजेरी जवळ ठेवावी. स्वतःची एक चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल व कुलूप बरोबर असावें. या चार वस्तूंनीं साधी खोली आपलीशी होते. पैसे देण्यापूर्वीं खोली पाहावी, दाराची कडी आंतून लागते कीं नाहीं व नळाला पाणी आहे कीं नाहीं तें स्वतः तपासावें, आणि भाडें खोलीचें कीं माणशीं, हें स्पष्ट विचारून घ्यावें. मालक नोंदवहींत नांव, गांव, येण्याचें कारण लिहून घेतो व ओळखपत्र मागतो. त्यांत अपमान मानण्याचें कारण नाहीं. परक्याला घरांत घेणाऱ्यानें त्याची नोंद ठेवावी हा कायदा आहे आणि शहाणपणहि आहे. नवरात्रांत कमळजादेवीची यात्रा भरते. त्या दिवसांत खोलीची निश्चिति आधीं केल्यावांचून निघूं नये. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मे महिन्यांतील वऱ्हाडचें ऊन पंख्याच्या खोलींत सोसणें कठीण जातें.

जेवणाचें म्हणाल तर ज्वारीची भाकरी, पिठलें, ठेचा, वरण-भात हें खाणावळींतलें जेवण ताजें व पोटाला सोसणारें असतें. तेथें शहरी पदार्थांचा आग्रह धरणाऱ्याची निराशा होते, आणि त्यांत दोष खाणावळीचा नसतो. पिण्याच्या पाण्यासाठीं धातूची मोठी बाटली घरून न्यावी व ती उकळलेल्या किंवा गाळलेल्या पाण्यानें भरून घ्यावी. हा सल्ला काटकसरीचा वाटेल. पण त्याचें खरें कारण पुढें येणार आहे.

इतका वेळ जें सांगितलें तें थोड्याफार फरकानें कोणत्याहि लहान गांवच्या लॉजला लागू पडेल. लोणारचें वेगळेपण पाण्यांत आहे.

नदीच्या कांठचें गांव आपली घाण नदींत सोडतें तेव्हां तें पाप खरेंच, पण नदी निदान ती घाण पुढें वाहून नेते. लोणारच्या सरोवरांतून पुढें जाण्यास वाटच नाहीं. भोवतालच्या जमिनीपेक्षां विवराचा कांठ सुमारें २० मीटर उंच उचललेला आहे, आणि तळाशीं आलेलें पाणी वाफ होऊनच काय तें बाहेर पडतें. पाणी उडून जातें, त्यांत विरघळलेलें सर्व कांहीं मागें राहतें. हजारों वर्षें हा व्यवहार चालल्यामुळें तें पाणी खारट व क्षारयुक्त झालें आहे; त्याचा अल्कधर्म, म्हणजे रसायनशास्त्रांत ज्याला पीएच म्हणतात तो आंकडा, दीर्घकाळ १० च्या आसपास नोंदला गेला आहे. साध्या भाषेंत सांगावयाचें तर तें पाणी सोड्याच्या द्रावणासारखें आहे. अशा पाण्यांत मासे जगणें कठीण. परंतु सूक्ष्म शैवालांना व जंतूंना तेंच मानवतें, आणि पाण्याचा तो हिरवा रंग त्यांचाच. पूर्वीं उन्हाळ्यांत पाणी आटलें कीं कांठावर बसलेला खार गोळा करीत आणि साबण, कांच व बांगड्या करण्यासाठीं तो विकला जाई. म्हणजे हें तळें एका बंद हिशेबाच्या वहीसारखें आहे: जमा होतें तें सर्व शिल्लक राहतें, खर्ची फक्त वाफ पडते.

या वहींत जमा करणारीं दारें कोणतीं? पावसाचें पाणी, आणि कांठाच्या उतारावरील गोड्या पाण्याचे झरे. त्यांत ईशान्येकडील गोमुखाची धार प्रसिद्ध आहे. भाविक तिला तीर्थ मानतात. ही धार जेथें वाहते तेथें विवराचा उंच कांठ तुटून घळ पडली आहे. इतरत्र कांठाच्या बाहेर पडलेलें पाणी बाहेरच राहतें; पण या घळींतून बाहेरचें पाणी आंत उतरूं शकतें. आणि दैवयोग असा कीं गांव याच बाजूला वसलेलें आहे. गांवाचें सांडपाणी सरोवरांत उतरतें ही तक्रार त्यामुळेंच निर्माण झाली व मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढें गेली. सांडपाण्यावर प्रक्रिया करून तें अडविण्याच्या योजना त्यांतूनच पुढें आल्या.

येथें एका गैरसमजाचें निराकरण केलें पाहिजे. जून २०२० मध्यें सरोवराचें पाणी एकाएकीं गुलाबी झालें, तेव्हां कोणी त्याला दूषित पाणी कारण असल्याचें म्हटलें, कोणी दैवी कोप म्हटला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचे नमुने तपासून सांगितलें कीं, मिठाची आवड असलेल्या एका जातीच्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आला होता. उन्हाळ्यांत पाणी कमी होऊन खारटपणा वाढला व त्यांची वाढ झाली. पुढें पावसाचें पाणी मिसळल्यावर रंग ओसरला. तो गुलाबी रंग घाणीचा नव्हता. पण पाण्याच्या पातळींत थोडा फरक पडतांच सारें सरोवर कसें पालटतें हें त्यावरून सर्वांना प्रत्यक्ष दिसलें. अशा नाजूक पाण्यांत साबण, धुण्याची पूड व मैला यांची रोजची भर पडत राहिली तर त्यांतील जीवसृष्टि टिकेल असें कोणत्या आधारावर म्हणावें?

म्हणूनच लोणारला खोली पाहतांना चादरीइतकीच चौकशी मोरीची करावी. मालकाला तीन प्रश्न विचारावे. पाणी कोठून येतें? मोरीचें व संडासाचें पाणी कोठें जातें? कचरा कोण नेतो? सांडपाणी बंद टाकींत व शोषखड्ड्यांत किंवा प्रक्रियेकडे जाणाऱ्या गटारांत जात असेल तर ती जागा चांगली. उघड्या नाल्यांत जात असेल तर तिचा रंगरंगोटा कितीहि सुंदर असो, ती जागा वाईट. दहा पाहुण्यांनीं हा प्रश्न विचारला तर मालक तो मनावर घेईल, कारण गिऱ्हाइकाचा प्रश्न हा कायद्याहून लवकर ऐकूं जातो. पाण्याविषयींहि असाच विवेक हवा. झरे जमिनीखालच्या पाण्यावर चालतात. पाहुण्यांच्या स्नानासाठीं विंधनविहिरी वाढत गेल्या तर झऱ्यांच्या वांट्याचें पाणी घटणारच. या दृष्टीनें पाहिलें असतां, जी एक बादली आपणांस गैरसोय वाटत होती तीच लोणारला योग्य माप आहे. धातूच्या बाटलीचें कारणहि हेंच. खालीं फेंकलेली प्लास्टिकची बाटली कोणतीहि नदी तेथून वाहून नेणार नाहीं.

मग कोणी म्हणेल, कीं एवढें जपावयाचें आहे तर पाहुण्यांनीं जाऊंच नये, गेल्यास रात्रीं राहूं नये. हें म्हणणें वरवर सयुक्तिक वाटतें. पण तासभर येऊन जाणारा मनुष्य गांवाला काय देतो? गाडीचा धूर आणि कचरा. त्याचे पैसे महामार्गावरच्या उपाहारगृहांत खर्च होतात. लोणारचें सरोवर २००० सालीं वन्यजीव अभयारण्य झालें आणि २०२० सालीं पाणथळ जागांच्या रामसर यादींत गेलें. हे मान गौरवाचे आहेत. पण त्यांच्या मागून निर्बंधहि येतात, आणि ते निर्बंध पाळावयाचे असतात गांवकऱ्यांनीं. पूर्वीं विवराच्या आंतील गोड्या पाण्याच्या पट्ट्यांत शेती होत असे. ज्याची शेती, गुरचरण व वाट बंद झाली त्याला सरोवर राखण्यांत स्वतःचें हित दिसलें नाहीं, तर तें राखलें जाणार कसें? रात्र राहणारा पाहुणा खोलीचें भाडें, जेवणाचे पैसे व वाटाड्याची मजुरी गांवांत ठेवून जातो. त्याच्यामुळें स्वच्छ सरोवराला गांवांत किंमत येते.

यावर दुसरा उपाय सुचतो तो मोठें हॉटेल बांधण्याचा. लोणारच्या बाबतींत तो अवघड आहे, आणि तें बरेंच आहे. तेथील अनेक देवळें संरक्षित स्मारकें आहेत. प्राचीन स्मारकांच्या कायद्यांत २०१० सालीं झालेल्या दुरुस्तीनें अशा स्मारकापासून १०० मीटरांपर्यंत नवें बांधकाम निषिद्ध व त्यापुढील २०० मीटरांत नियंत्रित ठरलें. एकीकडे अभयारण्य, दुसरीकडे स्मारकें; मोठ्या इमारतीला जागा उरते थोडी. शिल्लक राहतीं तीं गांवांतलीं उभीं असलेलीं घरें.

घरांतच पाहुणे उतरविण्याचा हा प्रकार दूरच्या एका देशानें मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. क्युबा बेटावर १९९७ सालीं सरकारनें कुटुंबांना आपल्या घरांतील खोल्या परदेशी प्रवाशांस भाड्यानें देण्याची रीतसर परवानगी दिली. अशा घराला तेथें कासा पार्टिक्युलर, म्हणजे खासगी घर, म्हणतात. दारावर जहाजाच्या नांगरासारखी एक निळी खूण असते. ती दिसली कीं प्रवाशानें कडी वाजवावी. पाहुण्याची नोंद वहींत होते, खोली साधी असते, आणि न्याहारी घरांतलीच. त्रिनिदाद हें तेथील जुनें शहर १९८८ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आलें. त्याच्या जुन्या घरांतच पाहुणे उतरतात आणि त्यांच्यासाठीं जुनी वस्ती पाडावी लागत नाहीं. आपल्याकडेहि महाराष्ट्रांतील निवास व न्याहारी योजना याच तत्त्वावर आहे: घरमालकानें नोंदणी करून कांहीं खोल्या पाहुण्यांस द्याव्या. लोणारसारख्या गांवाला ही पद्धति मोठ्या हॉटेलापेक्षां शोभते व परवडतेहि. घर तेंच राहतें. त्याची मोरी तेवढी सुधारावी लागते. आणि ज्या घराचें उत्पन्न पाहुण्यावर चालतें तें घर आपल्या मोरीकडे दुर्लक्ष करीत नाहीं.

अशा उताऱ्यांत पाहुण्याकडेहि कांहीं देणें लागतें. घरांत उतरलेला मनुष्य गिऱ्हाईक असतो त्याहून थोडा अधिक असतो. जोडे दाराबाहेर काढावे, जेवणार कीं नाहीं तें वेळेवर सांगावें, रात्रीं मोठ्यानें बोलूं नये, पहांटे निघावयाचें असेल तर आदल्या रात्रींच हिशेब पुरा करावा. भाड्यांत थोडी घासाघीस करण्यास हरकत नाहीं; पण शेजारच्या शहरांत एका जेवणाला जेवढे पैसे देतों तेवढ्यांत येथें रात्रभर आसरा मागूं नये. स्वस्त आणि साधें हे दोन शब्द आपण एकाच अर्थानें वापरतों, तें बरोबर नाहीं. सांडपाण्याची नीट व्यवस्था करणाऱ्या मालकाला खर्च येतो. त्याची खोली साधी असेल, पण अगदींच स्वस्त असूं शकणार नाहीं. तो थोडा जास्त आकार आपण खोलीसाठीं देत नसून सरोवरासाठीं देत आहों असें समजावें.

श्रोतेहो, चांगला उतारा कोणता याची व्याख्या गांवागांवाप्रमाणें बदलते. थंड हवेच्या ठिकाणीं तो ऊबदार असावा, समुद्रकांठीं वाऱ्याचा असावा. लोणारला तो असा असावा कीं, सकाळीं आपण गांव सोडतों तेव्हां रात्रींच्या आपल्या मुक्कामाची कोणतीच खूण त्या पाण्यापर्यंत पोंचलेली नसेल. तेवढें साधलें म्हणजे गादी थोडी कठीण होती, दिवे घटकाभर गेले होते, ऊन पाण्याची एकच बादली मिळाली, या गोष्टी घरीं येऊन सांगण्याजोग्या राहत नाहींत. सांगण्याजोगें जें आहे तें सर्व त्या विवराच्या तळाशीं आहे, आणि पुढच्या पाहुण्यालाहि तें तसेंच मिळालें पाहिजे.